सदाशिव पेठेंतील समाईक तार

पुण्यास चार दिवस जाऊन येणें वेगळें आणि चार महिने राहणें वेगळें. लग्न होऊन नाशिकास गेल्यापासून माझें पुणें म्हणजे मुंजीबारशांचें आणि फार तर गणपतींतल्या दोन रात्रींचें पुणें उरलें होतें. २०२४ सालीं दादाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. वहिनीला एकटीला सर्व उरकेना, आणि मी नोकरींतून मोकळी झालेली, मागें कांहीं व्याप नाहीं; म्हणून जूनच्या अखेरीस सदाशिव पेठेंत राहावयास गेलें ती दिवाळीच्या तोंडावर परत आलें. या चार महिन्यांत मीं जें पाहिलें त्यांत पर्वती नाहीं, शनिवारवाडा नाहीं, सारसबागहि नाहीं. ज्या इमारतींत राहिलें तिच्याविषयींच मला सांगावयाचें आहे, आणि त्यांतहि तिच्यांतून जाणाऱ्या एका कांचेच्या धाग्याविषयीं. प्रवासाला निघालेल्या वाचकास हा विषय तोकडा वाटेल. पण तीस वर्षें मुलींना भूगोल शिकवून माझी अशी समजूत झाली आहे कीं, गांवाची ओळख पाण्याच्या वाटेवरून जितकी पटते तितकी देवळांवरून पटत नाहीं. आणि हल्लीं पाण्याच्या जोडीला ही दुसरी वाट आली आहे.

चिमण्या गणपतीपासून आंत शिरलें म्हणजे दोन वळणें घेऊन एक बोळ लागतो. त्याच्या टोंकाशीं आमचा वाडा होता. आतां त्याच जागीं तीन मजल्यांची, नऊ फ्लॅटांची इमारत आहे. १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट कायद्याखालीं अशा इमारती पेठांतून पुष्कळ उठल्या. फ्लॅट ज्याचा त्याचा. पण जिना, गच्ची आणि खालची जमीन हीं सर्वांचीं, अविभक्त, असें या कायद्याचें स्वरूप आहे. वाड्यांत चौदा बिऱ्हाडें होतीं, त्या वेळीं कायदा नसतांनाहि जवळजवळ हीच व्यवस्था होती, एवढें मला आठवतें. मधल्या चौकांत जेथें हौद होता तेथें आतां स्कूटरी उभ्या असतात. जिन्याखालीं पाण्याचा पंप आहे आणि पंपाच्या शेजारीं एक खोली आहे. रखवालदार, जिने झाडणाऱ्या त्यांच्या बायको व एक मुलगी असें कुटुंब त्या खोलींत अकरा वर्षें राहत आहे.

हौदाचें नांव निघालें म्हणून थोडें विषयांतर करतें. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजच्या ओढ्याला बांध घालून तेथलें पाणी भुयारी नळानें शहरांत आणण्यांत आलें. नळांत हवा कोंडून पाणी अडूं नये म्हणून वाटेंत जागोजाग दगडी उच्छ्वास बांधले. मी आठ-नऊ वर्षांची असतांना वडिलांनीं मला मुद्दाम नेऊन एक उच्छ्वास दाखविला होता. पाण्यालासुद्धां श्वास घ्यावा लागतो, असें ते म्हणाले आणि मला तें खरेंच वाटलें. काळा हौद, फडके हौद, बदामी हौद हीं नांवें आज रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरतीं उरलीं आहेत. पण एके काळीं एकाच ओढ्याचें पाणी या सर्वांनीं वांटून घेतलें होतें. कोणत्या हौदावर कोणीं यावें याचे नियम कोठें लिहिलेले नव्हते, ते सर्वांस पाठ होते. गंज पेठेंत जोतीराव फुल्यांनीं १८६८ सालीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. ती जागा आमच्या दारापासून पायीं अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे. पण लहानपणीं ती मला कोणीं दाखविली नाहीं. उच्छ्वास मात्र दाखविला.

आतां तारेकडे वळूं. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें आपल्याकडे सामान्य माणसासाठीं इंटरनेट खुलें केलें. त्यानंतर पुष्कळ वर्षें तें आमच्या घरीं टेलिफोनच्या तारेवरून, कर्कश सूर काढीत येई. आणि तें चालू असेपर्यंत टेलिफोन बंद पडे म्हणून वहिनी रागावे. २००४ च्या सरकारी धोरणांत सेकंदास २५६ किलोबिट वेग असला कीं त्यास ब्रॉडबँड म्हणावें असें ठरलें. २०२३ च्या जानेवारींत ती मर्यादा वाढवून २ मेगाबिट करण्यांत आली. हा दोनाचा आंकडा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, पुढें लागेल.

आमच्या इमारतींतील समाईक तार २०२० च्या टाळेबंदींतली. शाळा, कचेऱ्या, दवाखाने सर्व एकदम घरांत आले. बोळ इतका अरुंद आणि तारांनीं इतका गजबजलेला, कीं कंपनी एकच जोडणी देण्यास तयार झाली. ती सोसायटीच्या नांवानें घेतली गेली. (कायद्यानें ही 'सोसायटी' नव्हे, फ्लॅटधारकांचें मंडळ आहे, पण पुण्यांत तसें म्हणणारा मनुष्य मला भेटला नाहीं.) वेग सेकंदास १०० मेगाबिट. दुसऱ्या मजल्यावरील जिन्याच्या वळणावर पत्र्याच्या पेटींत यंत्र बसविलें, तेथून प्रत्येक घरांत तार गेली, तळमजल्यासाठीं वायफाय ठेवला. खर्च नवांनीं वांटून घ्यावयाचा. घरटीं महिना सव्वाशें रुपयांच्या आंतबाहेर पडतो. रखवालदारांची मुलगी तेव्हां आठवींत होती. तिची शाळाहि फोनवरच भरे, म्हणून त्या वेळच्या सचिवांनीं तिला वायफायचा परवलीचा शब्द दिला. ठराव वगैरे कांहीं झाला नाहीं. कंपनीचें करारपत्र चार पानांचें होतें, तें कोणीं वाचलें नाहीं.

मी गेलें तेव्हां इमारतींत पावसाळ्याइतकाच या तारेचा विषय चाललेला होता. जुलैचा पहिला पंधरवडा ठीक गेला. पुढें पुढें मात्र संध्याकाळीं कुरकुर सुरू झाली, आणि शेवटच्या आठवड्यांत तर सर्वच थबकलें. दादाला गुडघ्याचे व्यायाम एक बाई पडद्यावरून शिकवीत. त्या "पाय वर घ्या" म्हणत आणि पाय वर घेतलेल्या स्थितींतच गोठून जात. दादा बिचारा पाय अधांतरीं धरून पुढच्या सूचनेची वाट पाही. वहिनीचा अभंगांचा वर्ग होता, त्यांत बारा बायकांचे बारा सूर बारा वेळां ऐकूं येत. पहिल्या मजल्यावरचा तरुण अमेरिकेंतल्या कंपनीचें काम रात्रीं करी. तो गच्चीवर जाऊन, छत्री धरून, फोनवरून बोलतांना मीं स्वतः पाहिला आहे.

कारणांचा तुटवडा नव्हता. तळमजल्यावरच्या काकांचें म्हणणें, समोरच्या घरांतील मायक्रोवेव्ह ओव्हन हें सर्व करतो. हें अगदींच खोटें नव्हे. ओव्हनच्या लहरी आणि जुन्या पद्धतीच्या वायफायच्या लहरी एकाच पट्ट्यांत, सेकंदाला सुमारें अडीच अब्ज आंदोलनांच्या आसपास येतात. त्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा पाहिल्या तर १, ६ व ११ या तीनच. आणि आमच्या बोळांत फोन उघडला कीं एकतीस वायफायांचीं नांवें दिसत. संध्याकाळच्या कुरकुरीचें कारण पुष्कळसें हेंच असावें. पण दुसऱ्या मजल्यावरच्या घरांत तर यंत्रापासून थेट तार नेलेली होती आणि महिनाअखेर तीहि मेलेलीच असे. तेथें ओव्हनचा कांहीं संबंध पोंचत नव्हता.

दुसरें कारण लोक आवाज थोडा खालीं आणून सांगत. "खालची मुलगी रात्रंदिवस क्लास बघते." तिनें क्लास लावला तो गेल्या हिंवाळ्यांत, आणि तारेचें बिघडलें तेंहि गेल्या हिंवाळ्यापासूनच. नऊ घरें पैसे भरतात, दहावें फुकट वापरतें. शिवाय तिच्याकडून तो शब्द बाहेर आणखी कोणाकोणाकडे गेला असेल, याचा काय भरंवसा?

४ ऑगस्टला, रविवारीं, जिन्यांतच सभा भरली. मी पाहुणी, मला बोलण्याचें कारण नव्हतें. पण तीस वर्षें वर्गावर उभें राहिलेल्या बाईस, सर्वजण एकदम बोलूं लागले कीं गप्प बसवत नाहीं. मीं म्हटलें, "एवढा वाद कशाला? पासवर्ड बदलून टाका आणि काय होतं तें महिनाभर पाहा. प्रयोग करून पाहावा." प्रयोग हा शब्द सर्वांस आवडला. कोणावर आळ घेतल्यासारखें होत नव्हतें. त्याच रात्रीं शब्द बदलला गेला आणि नऊ घरांस चिठ्ठ्यांवर लिहून दिला.

आणि तार धांवूं लागली! दादाचे व्यायाम न अडखळतां झाले. सचिव जिन्यांत भेटले तेव्हां म्हणाले, "ताई, तुमचा उपाय लागू पडला हो." मला तें बरें वाटलें, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

शाळेंत माझ्याकडे पर्जन्यमापकाची वही असे. तीच सवय म्हणून मीं इथेंहि वही घातली. सकाळीं सात, दुपारीं दोन आणि रात्रीं नऊ या तीन वेळां फोनवर वेग मोजावयाचा आणि मांडून ठेवावयाचा. माझा उपाय किती दिवस टिकतो हें मला पाहावयाचें होतें. ५ ऑगस्ट, सकाळ ९४. दुपार ९१. रात्र ६२. असें रोज.

ऑगस्टच्या मध्याला एका संध्याकाळीं मी दादासाठीं औषध आणावयास निघालें. बोळाच्या तोंडाशीं लहानसें विठ्ठलाचें देऊळ आहे. त्याच्या पायरीवर, पावसाची झड चुकवून, ती मुलगी फोन गुडघ्यावर ठेवून बसली होती आणि वहींत कांहीं उतरवून घेत होती. मीं विचारलें, "इथें कशाला बसलीस ग?" ती म्हणाली, "इथं रेंज येते, आजी. खोलींत येत नाही." तें खरें होतें, जिन्याखालीं, तीन बाजूंनीं भिंती असलेल्या त्या खोलींत फोनचे दांडे एकावर येऊन थांबत. मीं आणखी चौकशी केली. क्लास रोज दोन तास. फोनच्या योजनेंत दिवसाला मिळणारें माप क्लासला कसेंबसें पुरे, मग दुसरें कांहीं उघडतां येत नसे. आणि जुलैच्या आरंभीं खासगी कंपन्यांनीं आपले दर वाढविले होते, त्यामुळें आईनें मोठी योजना घेण्यास नकार दिला होता. हें सर्व तिनें तक्रारीच्या सुरांत सांगितलें नाहीं. आमच्या सभेविषयीं ती एक अक्षर बोलली नाहीं, आणि मीहि बोललें नाहीं. औषध घेऊन परत येतांना मी दुसऱ्या बाजूनें आलें.

२५ ऑगस्टला सकाळीं सात वाजतां माझ्या वहींत आंकडा पडला : १.९. मला वाटलें माझ्याच हातून चूक झाली. पुन्हां मोजला. १.८. दुपारीं १.९. रात्रीं तर मोजणारें पानच उघडेना.

इमारतींत लगेच नवा तर्क निघाला. नऊ घरांपैकींच कोणी तरी नवा शब्द खालीं सांगितला असला पाहिजे. वहिनी जेवण वाढतां वाढतां मजकडे पाहून म्हणाली, "वन्सं, तुम्ही तर नाहीं ना सांगितलात?" मीं सांगितला नव्हता. तसें करण्याचें धैर्य मला झालें नव्हतें, हें खरें कारण.

दादाची मुलगी, माझी भाची, बंगळुरास याच विद्येंत काम करते. त्या रात्रीं मीं तिला फोनवर वहींतले आंकडे वाचून दाखविले. तिनें मधेंच थांबविलें. "आत्या, पंचवीस तारखेच्या आधीं एकदांहि दोनच्या आसपास आला होता का?" नव्हता. "आणि त्यानंतर एकदांहि दोनच्या वर गेला का?" तोहि नव्हता. "मग हें गर्दीमुळें नाहीं. गर्दीनं वेग हेलकावे खातो, असा सरळ रेघेवर बसत नाहीं. कुणी तरी मुद्दाम दोनावर आणून ठेवलाय. बाबांना तें करारपत्र शोधायला सांग."

करारपत्र सचिवांच्या कपाटांत, तिसऱ्या दिवशीं सांपडलें. तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरांत, होतें : एका महिन्यांत वर गेलेलें व खालीं आलेलें मिळून ३,३०० गिगाबाइट झालें कीं पहिल्या तारखेपर्यंत वेग २ मेगाबिट राहील. म्हणजे कंपनीनें फसविलें असें नव्हे. आणि २०२३ च्या व्याख्येप्रमाणें त्या रांगत्या तारेसहि ब्रॉडबँडच म्हणावयाचें. महिन्याच्या पहिल्या तारखेस माप नव्यानें सुरू होई. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत तार धांवूं लागली ती माझ्या उपायामुळें नव्हे, पंचांगामुळें. जुलैच्या, जूनच्या, मेच्या आरंभींहि ती तशीच धांवली होती. पण तेव्हां कोणाजवळ वही नव्हती.

आतां प्रश्न असा, कीं नऊ घरांनीं चोवीस दिवसांत ३,३०० गिगाबाइट संपविले कसे? कंपनीच्या हिशेबाच्या पानावर सचिवांनीं माझ्यासमोर आंकडे काढले. खालीं आलेल्या मापापेक्षां वर गेलेलें माप मोठें होतें. घरोघरीं चित्रपट पाहतात, ते वरून खालीं येतात. खालून वर इतकें पाठवितें कोण?

दोघांनीं एकदमच वर पाहिलें. जिन्याच्या वळणावर, पत्र्याच्या पेटीच्या शेजारीं, कॅमेरा होता.

असे चार कॅमेरे. २०२३ च्या डिसेंबरांत एक स्कूटर चोरीस गेली तेव्हां लावलेले. एक फाटकावर, एक स्कूटरींवर, एक जिन्यांत, आणि चौथा, कां कोण जाणे, जिन्याखालच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून. चारहि कॅमेरे पाहिलेलें चित्र अहोरात्र कोठल्या तरी दूरच्या साठवणींत पाठवीत. प्रत्येकीं दोन मेगाबिट, म्हणजे चौघांचे मिळून आठ. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदास एक मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसास सुमारें ८६ गिगाबाइट, आणि तीस दिवसांत २,५९२. उरलेल्या ७०८ गिगाबाइटांत नऊ संसारांनीं महिना काढावयाचा! ठळक चित्राचा चित्रपट तासाला तीन गिगाबाइटपर्यंत खातो, हें लक्षांत घेतलें म्हणजे चोवीस दिवस पुरले हेंच आश्चर्य.

त्याच कागदाच्या मागें मीं मुलीचा हिशेब मांडला. रोज दोन तास, सेकंदास एक मेगाबिट धरून, महिन्याचे सव्वीस दिवस : २३ गिगाबाइटांच्या किंचित् वर. तेवढें कॅमेऱ्यांस साडेसहा तासांत लागे. सचिव बँकेंतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनीं माझा गुणाकार पुन्हां स्वतः करून पाहिला, चष्मा काढला, आणि "हं" एवढेंच म्हणाले.

भाचीनें आणखी एक गोष्ट समजावून दिली, ती मला फार मोलाची वाटली. दोन मेगाबिट वेगहि अगदींच कुचकामाचा नसतो. एका मनुष्यास पत्र पाठविण्यास, बोलण्यास तो पुरतो. मग आमच्याकडे पानसुद्धां कां उघडत नव्हतें? आपण कांहीं मागविलें कीं त्याचे तुकडे होऊन येतात, आणि आपलें यंत्र "पोंचलें, पोंचलें" अशा लहान लहान चिठ्ठ्या उलट पाठवितें. त्या चिठ्ठ्या गेल्याखेरीज पुढचे तुकडे नीट येत नाहींत. वर जाणाऱ्या दोन मेगाबिटांच्या वाटेंत चार कॅमेरे आठ मेगाबिट कोंबीत होते. पेटींतलें यंत्र फार सालस. कोणाला नाहीं म्हणावयाचें नाहीं म्हणून येईल तें सर्व आपल्या पोटांत सांठवून रांगेंत उभें करी. त्या लांबलचक रांगेच्या शेवटीं आमची इवलीशी चिठ्ठी. तिची पाळी येईपर्यंत पलीकडचा मनुष्य कंटाळून जाई.

रांगांचें हें गणित तसें जुनें आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील एर्लांग यांनीं १९०९ सालींच, एकाच वेळीं पुष्कळांनीं टेलिफोन मागितला तर काय होतें, याचा हिशेब मांडण्यास आरंभ केला होता. पण सांठवण मोठी केली कीं त्रास कमी न होतां वाढतो, ही गोष्ट इंटरनेटच्या संबंधांत ठळकपणें पुढें आली ती अलीकडे. जिम गेटिस यांनीं २०१० च्या सुमारास या दोषास 'बफरब्लोट' हें नांव दिलें. आपण त्यास साठवणीची सूज म्हणूं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनीं २०१२ सालीं त्यावर एक रीत काढली : रांगेंत कोण किती वेळ तिष्ठत आहे हें यंत्रानें पाहावें, आणि तिष्ठणें वाढूं लागलें कीं कांहीं तुकडे सरळ टाकून द्यावे, म्हणजे पाठविणारा आपोआप हात आवरतो. तिच्या जोडीस प्रत्येकाची रांग निराळी ठेवून पाळीपाळीनें एकेक तुकडा सोडण्याची सोय करतां येते. मग कॅमेरा कितीहि हांवरा असला तरी चिठ्ठीला वाट मिळते. मला वडिलांनीं दाखविलेला उच्छ्वास आठवला. भाचीला तें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "अगदीं तसंच नाहीं ग आत्या." नसेल.

१ सप्टेंबरला पुन्हां सभा झाली. कागद सचिवांनीं वाचला. मला वाटलें होतें, आंकडे ऐकून सर्व एका क्षणांत मिटेल. तसें झालें नाहीं. "म्हणजे चोरावर नजर ठेवणारे कॅमेरे बंद करावयाचे, आणि वायफाय वांटीत सुटावयाचें?" असें एका गृहस्थांनीं विचारलें. स्कूटर त्यांचीच गेली होती, तेव्हां त्यांचा राग अगदींच अस्थानीं नव्हता. कोणी म्हणालें, मुलीला द्यावयाचें तर दहावा वांटा घ्या. जिने झाडणाऱ्या मावशी खालच्या पायरीवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या की, सव्वाशें मी देईन." यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. शेवटीं दादा, जो सभांतून कधीं तोंड उघडीत नाहीं, काठी टेकीत उठून म्हणाला, "जिना त्या झाडतात, त्याचा वांटा आपण कधीं मागितला नाहीं." एक फ्लॅट बंद असतो; आठांपैकीं पांच मतें पडलीं. कॅमेऱ्यांनीं चित्र स्वतःजवळच्या कार्डावर सांठवावें, आणि हालचाल दिसेल तेव्हांच वर पाठवावें, असें ठरलें. चौथ्या कॅमेऱ्याचें तोंड फाटकाकडे वळविलें गेलें. वर सांगितलेली रांगेची रीत जाणणारें नवें यंत्र घेण्यास दोन महिने लागले असते, पण भाचीनें बंगळुराहून सांगत सांगत जुन्याच यंत्रांत ती चालू करून दिली. सप्टेंबरअखेर महिन्याचें माप दोन हजारांच्या आंत राहिलें. माझ्या वहींत ३० तारखेच्या सकाळचा आंकडा ९२ आहे.

पण सभा संपली त्या संध्याकाळची गोष्ट राहिली. शब्द लिहिलेली चिठ्ठी खालीं नेऊन देण्याचें काम मीं मागून घेतलें. पंप चालू होता, त्याच्या घरघरींत बोलणें कठीण. मुलगी दाराशीं आली. मीं चिठ्ठी दिली आणि सांगितलें, कीं शब्द बदलण्याची कल्पना माझी होती, आणि ती चुकीची होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "जिन्यांत बोललेलं सगळं खाली ऐकूं येतं."

पंप बंद झाला. मला काय बोलावें सुचेना. तिनें चिठ्ठी उलगडून पाहिली, घडी करून फोनच्या वेष्टणांत घातली, आणि म्हणाली, "आजी, एक विचारूं का? पुन्हा बदलायचं ठरलं तर आधी सांगाल का? फॉर्मची तारीख असते कधी कधी."

सचिवांना मीं तें तसेंच सांगितलें. दिवाळीपूर्वीं मी नाशिकास परत निघालें, तेव्हां फळ्यावर पाण्याच्या वेळांच्या खालीं त्यांच्या अक्षरांत एक ओळ वाढलेली होती : वायफायचा शब्द बदलावयाचा असल्यास आठ दिवस आधीं दहाहि घरांस कळविण्यांत येईल.